खोडी समक्ष सांगण्यात येतील

आमचे घरमालक माणसाचा तपास पायांपासून सुरू करायचे. सिरसाळ्याला एका पतसंस्थेत मी नोकरीला लागलो आणि खोली मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी नाव, गाव, जात, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. समोरच्या लिंबाकडे बोट केलं आणि म्हणाले, तिथपर्यंत जाऊन या. मला वाटलं, लिंबाखाली कुणी बसलं असेल, त्याला भेटायचं असेल. गेलो, तिथं एक शेळी होती, परत आलो. मालक माझ्या टाचांकडे बघत होते. डावा पाय जरा ओढता आहे, पण चाल गरीब आहे, असा निकाल देऊन त्यांनी किल्ली दिली.

मग खोलीची माहिती सांगितली. म्हणजे खोलीत काय काय वाईट आहे तेवढंच सांगितलं. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. शेजारी पिठाची गिरणी आहे, ती सुरू झाली की खुंटीवरचा सदरा हलतो. दाराची कडी लागते, पण ती लावायची एक युक्ती आहे आणि ती येईपर्यंत माणूस शिव्या देतो. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, दुपारनंतर अंगणात लिंबाची सावली येते, आणि मालकीणबाई सणावाराला भाडेकरूचंही ताट वाढतात, हे मला राहायला गेल्यावर हळूहळू कळलं. चांगलं असेल ते दिसतंच, ते सांगायचं कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

मालकांची सगळी नोकरी बाजार समितीत गेली होती, तीही जनावरांच्या बाजारात. सौदा झाला की पावती फाडायची, तिच्यावर जनावराचा रंग, शिंगं, खुणा लिहायच्या, एवढंच त्यांचं काम. मालकांनी त्यात स्वतःच्या मनाने भर घातली होती. पावती फाडण्याआधी ते विकणाऱ्याला जनावराच्या खोडी विचारायचे. बैल मारका आहे का, औताला धरल्यावर मध्येच बसतो का, पाणी बघून बुजतो का. विकणाऱ्याला अशा वेळी काही आठवत नाही, आणि आठवलंच तर दलाल त्याच्या पायावर पाय देतो. मग मालक स्वतः उठायचे, बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे, त्याला चार पावलं चालवायचे आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या खोडी सांगायचे. बऱ्याचदा त्या बरोबर निघायच्या. कधी कधी अगदीच चुकायच्या, पण तोवर सौदा मोडलेला असायचा. दलाल लोक त्यांना साडेसाती म्हणत. ते दलालांना काहीच म्हणत नसत, फक्त रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूने जात.

असं का करता, म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"जनावर मुकं हाय," ते म्हणाले. "त्याच्या वतीनं कुनीतरी खरं बोलाया पाहिजे का न्हाई?"

हा नियम त्यांनी घरातही लावला. मुलीला बघायला कोल्हापूरकडचे पाहुणे आले, तेव्हा कांदेपोहे यायच्या आत मालकांनी सांगून टाकलं की मुलगी रागीट आहे, भाकरी जाड थापते आणि सकाळी उठवल्याशिवाय उठत नाही. मालकीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचो, आतल्या दाराला डोकं टेकून उभ्याच राहिल्या. पण मुलाचा बाप साखर कारखान्यात नोकरीला होता, त्याला खोटं बोलणाऱ्यांची सवय होती. खरं ऐकून तो इतका गांगरला की त्याने तिथल्या तिथे होकार दिला. संसार चांगला झाला. मुलगी अजूनही उशिरा उठते आणि तिच्या सासरी कुणी काही म्हणत नाही, कारण त्यांना आधीच सांगितलेलं आहे. या एका यशाने मालकांचं फार नुकसान केलं. जगात सगळीकडे हेच चालेल असं त्यांना वाटायला लागलं.

मी तिथं असतानाच दोन पावसाळे कोरडे गेले. अंगणातली बोअर आधी गढूळ झाली, मग फुसफुसायला लागली, मग गप्प झाली. कॉलनीच्या कोपऱ्यावर टँकर यायला लागला. टँकर आला की गावातल्या सगळ्या बायका हंडे-घागरी घेऊन धावायच्या आणि गावातले सगळे पुरुष टँकर उशिरा का आला यावर चर्चा करायचे. आमचे मालक चर्चासुद्धा करायचे नाहीत. ते दारात येऊन टँकरची चाकं बघायचे, मागचं उजवं टायर गुळगुळीत झालंय असं सांगायचे आणि आत जायचे. पाणी भरायचं ते मावशींनी. मावशींचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. एके दिवशी टँकरपाशी झालेल्या चिखलात त्यांचा पाय घसरला, घागर एकीकडे गेली, त्या दुसरीकडे, आणि मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळेल, पण पुढं या हाताने आणि या गुडघ्यांनी पाणी वाहायचं नाव काढू नका, नाहीतर एक दिवस अंथरुणालाच खिळाल. मग मी आणि शेजारची गिरणीवाली, आम्ही दोघं आळीपाळीने त्यांचं पाणी भरायला लागलो. गिरणीवालीला तिचं काम होतं, मला माझं, आणि मावशींना रोज दोन माणसांचे उपकार घेताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुलीने कोल्हापूरकडे कायमचं बोलावलं. तिच्या घराशेजारी खोली होती. मावशी तिच्या बाळंतपणाच्या वेळी तिकडं राहून आल्या होत्या, आणि आल्यावर त्यांनी जावयाबद्दल, नातवाबद्दल काही सांगितलं नव्हतं. नदीबद्दल सांगितलं होतं.

"पानी नुसतं वाहतंय," त्या म्हणाल्या होत्या. "आन त्याच्यापाशी रांगच न्हाई. कुनी बघत बी न्हाई तिच्याकडं."

तेव्हा ठरलं, घर विकायचं आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत निघायचं. मावशींनी प्लास्टरच्या हातानेच एका ट्रंकेत पातळं भरून ठेवली. घर त्यांच्याच नावावर होतं. कर्मचाऱ्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत प्लॉट मिळाला, तेव्हा कुणा जोशाने मालकांना सांगितलं होतं की तुमच्या राशीला दगडविटा लाभत नाहीत. मालकांनी ती स्वतःची खोड समजून मान्य केली आणि कागद बायकोच्या नावाने केले.

आमच्याकडे घर विकायचं म्हणजे कुणाच्या तरी कानावर घालायचं असतं. त्या गृहनिर्माण संस्थेचे चेअरमन फावल्या वेळात हेच काम करायचे. ते एकदा चहाला आले, भिंतींवर टकटक केली, छताकडे बघितलं आणि म्हणाले की गिऱ्हाईक मी आणतो, तुम्ही फक्त गप्प बसायचं. मालकांना जगात एवढी एकच गोष्ट जमत नव्हती. त्यांनी चेअरमनना चहा पूर्ण पिऊ दिला आणि मग सांगितलं की हे घर दलालाशिवाय विकलं जाईल. चेअरमन हसले. असं म्हणणारी पुष्कळ माणसं नंतर आपल्याच घरी येतात, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी अंगणाच्या भिंतीवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं: घर विकणे आहे. दलालांनी येऊ नये. खोडी समक्ष सांगण्यात येतील.

लोक यायला लागले. मी म्हणेन, घर बघायला कमी आणि ऐकायला जास्त. मालक पाहुण्याला ओट्यावर बसवायचे आणि सुरू करायचे. बोअर मेलेली आहे, पावसाळा आला तर जिवंत होईल असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाणी गळतं, सध्या पाऊस नाही म्हणून ते दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे गळत नाही असं नाही. पश्चिमेची भिंत तापते. गिरणी हलवते. लिंबाची मुळं पायरीखाली शिरलीत. भाडेकरू आहे, गरीब आहे, पण सकाळी गुळण्या करताना फार आवाज करतो. हे शेवटचं ते माझ्यासमोर सांगायचे, मीही मान हलवायचो. मास्तर-मास्तरीण असं एक जोडपं हे सगळं ऐकून इतकं दमलं की घर आतून न बघताच निघून गेलं.

शेतीखात्यातला एक तरुण साहेब मात्र शेवटपर्यंत टिकला. मुलगा शहरातला होता. खोडी ऐकून झाल्यावर त्याने किंमत विचारली. जनावरांच्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. मालकांना सौद्याची दुसरी रीत माहीतच नव्हती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल साहेबाच्या हातावर टाकला, खालून त्याची बोटं धरली आणि दोन बोटं जोरात दाबली. साहेब एकदम गंभीर झाला. म्हणाला की काका, मला मधुमेहाचा त्रास आहे, पण नाडीवरून तो कळतो हे माहीत नव्हतं. मालकांना वाटलं, आकडा कळला नाही. त्यांनी आणखी एक बोट दाबून बघितलं. साहेबाने पथ्य विचारलं. मावशींनी आतून ओरडून सांगितलं की साखर सोडा, आणि तो सौदा तिथंच संपला.

मग ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा एक मुकादम आला. त्याला बाजाराची रीत ठाऊक होती. त्याने स्वतःच रुमाल पसरला, दोघांची बोटं खाली बराच वेळ चालली, आणि मालकांचा चेहरा असा खुलला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. आकडा जुळला होता. मालकांनी घसा खाकरला आणि खोडी सांगायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या," मुकादम म्हणाला. "खोडी तुमच्यापाशी ठिवा. मला घर पसंत हाय."

मालकांनी रुमालाखालून हात काढून घेतला. ऐकून घ्या, म्हणाले. मुकादम म्हणाला, मला ऐकायचं नाही, घ्यायचं आहे. मालक म्हणाले, मग द्यायचं नाही. मुकादमाने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि रुमाल झटकून चालता झाला.

मावशी आत गेल्या, ट्रंक उघडली आणि एका हाताने एकेक पातळ काढून परत फळीवर ठेवायला लागल्या. मला मालकांचा मनस्वी राग आला. बाजारात बैलांचं ऐकत बसलात, घरातल्या माणसाचं कधी ऐकणार, असं मी त्यांना तोंडावर बोललो. भाडेकरूने बोलू नये इतकं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जो न ऐकता बैल नेतो ना," ते म्हणाले, "तो म्होरं त्याच खोडीपायी त्याला हानतो. मी बघितलंय. घर बी मुकंच की."

माझा राग काही गेला नाही. आजही गेलेला नाही.

मुकादमाने गावात जाऊन काय सांगितलं कोण जाणे. पण लोकांनी आपापला हिशेब लावला. जो माणूस आपल्या घराच्या एवढ्या खोडी आपणहून सांगतो, त्याने केवढी मोठी खोड लपवली असेल? कुणी म्हणालं, त्या घरात भानामती आहे, कपडे आपोआप पेटतात. कुणी म्हणालं, खुंटीवरचे सदरे आपोआप हलतात. हे दुसरं खरं होतं, पण ते गिरणीमुळे. लोक यायचे बंद झाले. चेअरमन रस्त्यावरून जाताना भिंतीवरची अक्षरं मुद्दाम थांबून, ओठ हलवत वाचायचे. टँकर रोजचा होता तो एक दिवसाआड झाला. मावशींचं प्लास्टर निघालं, पण हात वाकडा राहिला. त्या मालकांशी बोलेनाशा झाल्या. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, आणि ते जेवायला बसले की भिंतीला सांगायच्या की भाजीत मीठ कमी आहे.

अशात मालकांनी कपिलधारला जायचं काढलं. दर्शनाला, असं ते म्हणाले, पण त्यांना बघायचं होतं ते देवळाजवळच्या धबधब्याला पाणी आहे का. तिथं पाणी असलं म्हणजे आपल्याकडे पाऊस होतो, असा काहीतरी त्यांचा आडाखा होता. सकाळच्या एसटीने ते गेले.

त्याच दुपारी सरकारी दवाखान्यातली एक नर्स तिच्या आईला घेऊन घर बघायला आली. नवीन बदलून आली होती, भानामतीवर विश्वास नव्हता. रविवार होता, मी घरीच होतो. मावशींनी त्यांना चुलीपाशी बसवलं, चहा केला, सगळं घर फिरून दाखवलं. लिंबाची सावली दाखवली. पूर्वेची खिडकी उघडून दाखवली. या घरात इतक्या चांगल्या गोष्टी आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने बोललं. नर्स हसत म्हणाली की बाहेर तर खोडी सांगणार असं लिहिलंय.

मावशींनी कपबशी खाली ठेवली. बोअर आटलेली, कोपरा गळका, भिंत तापते, गिरणी हलवते, असं एका दमात, पाढे म्हणावेत तसं सांगून टाकलं.

"ह्या समद्या बारक्या," त्या म्हणाल्या. "मोठी खोड एकच हाय. ती सकाळच्या यष्टीनं कपिलधारला गेलीया, सांच्याला येईल. तिला मी संगं घिऊन चालले."

नर्सच्या आईने तोंडाला पदर लावला. नर्सला हसू आवरेना. पण मावशी हसत नव्हत्या. रुमाल-बिमाल काही न आणता त्यांनी तोंडानेच आकडा सांगितला, नर्सने थोडा खाली आणला, मावशींनी मान डोलावली. घर विकलं गेलं. कप विसळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात.

मालक संध्याकाळी आले. पाय धुवायला तांब्याभर पाणी घेतलं आणि म्हणाले की धबधबा नाही, पण दगडाला ओल आहे. मावशी म्हणाल्या, घर दिलं. मालक तांब्या धरून तसेच उभे राहिले.

"खोडी सांगितल्या?"

"सांगितल्या."

"समद्या?"

"समद्या. आन एक तुमी सांगत नव्हता ती बी."

कोणती, असं त्यांनी विचारलं. मावशींनी सांगितलं, अगदी नर्सला सांगितलं होतं त्याच शब्दांत, त्यांच्या तोंडावर, माझ्यासमोर. मी तिथून उठायला हवं होतं, पण उठवेना. मला वाटलं, आता हा सौदा मोडतो. मालकांनी विचार केला. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो, तो नव्हता. बाजारात दुसऱ्या कुणी बैलाची बारीक खोड ओळखली की ते जसे बघायचे तसे बघत होते.

"खरी हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "येवढी मोठी खोड हाय, तर तू इतकी वर्सं कावून ठिवून घेतलीस?"

मावशींनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला.

"मला देताना कुनी सांगितलीच न्हवती," त्या म्हणाल्या.

मालक जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. जन्मभर परक्यांच्या बैलांसाठी सौदे मोडणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कळलं होतं, की एका सौद्यात त्यांनी स्वतः तोंड उघडलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाही राग आला.

सकाळी टँकर आला. मी घागर शोधायला लागलो, तर घागर जागेवर नव्हती. बाहेर येऊन बघतो तर मालक रांगेत. पुढं बाया, मागं बाया, मध्ये धोतर खोचलेले मालक, काखेत घागर अशी धरलेली की बघणाऱ्यालाच भीती वाटावी. रांगेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मालकांनी मागच्या बाईकडे वळून सांगितलं की मला सवय नाही, माझ्याकडून सांडेल, आधीच सांगून ठेवतो. तिने, का कोण जाणे, त्यांना पुढं जाऊ दिलं.

ते परत आले तेव्हा धोतर भिजून पायांना चिकटलं होतं. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी घागरीत वाकून बघितलं.

"निम्मी सांडली."

"सांगितलं व्हतं म्या आधीच."

"कुनाला?"

"रांगेतल्या बायांला."

"मला कुठं सांगितलं?"

मालकांनी घागर खाली ठेवली. जरा उभे राहिले, मग पायरीवर बसले आणि घसा खाकरला, एखाद्या जनावराच्या खोडी सांगायच्या आधी खाकरायचे तसा. मी आपला माझ्या खोलीत गेलो आणि त्या युक्तीने कडी लावून घेतली. गिरणी अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मालक हळू आवाजात एकेक सांगत होते, आणि मध्ये मध्ये मावशी म्हणत होत्या, "ही ठावं हाय. म्होरली सांगा."